सर्व्हरचे नाव

सकाळी संगणक उघडताना एकदा दिलेला पासवर्ड कचेरीच्या अंतर्गत संकेतस्थळाने पुन्हा मागू नये, ही अपेक्षा वरकरणी माफक वाटते. परंतु ती पुरी करण्यासाठी ब्राउझर, वेब सर्व्हर आणि डोमेन कंट्रोलर या तिघांत जो पत्रव्यवहार क्षणार्धात घडतो, त्यात कोठेही विसंगती शिरली तरी वापरणाऱ्यापुढे पासवर्डची तीच ती चौकट उभी राहते. फिर्याद एकच आणि कारणे अनेक, असे या तपासाचे स्वरूप आहे.

अमेरिकेतील एमआयटीमध्ये १९८३ साली आरंभलेल्या 'अथीना' प्रकल्पात जन्मलेली आणि विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टच्या डोमेनमध्ये रूढ झालेली कर्बेरॉस ही पद्धत पासवर्ड वेब सर्व्हरपर्यंत जाऊच देत नाही. कंट्रोलर त्या सर्व्हरच्या किल्लीने मोहोरबंद केलेले तिकीट देतो आणि ज्याची किल्ली तोच ते उघडू शकतो. घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक तफावत पडली की सामान्यतः तिकीट नामंजूर होते. तो दोष मात्र लवकर सापडतो. खरा घोळ नावांचा. ब्राउझर तिकीट मागतो ते सेवेच्या नावाने, आणि हे नाव कोणत्या खात्यावर दाखल आहे त्यावरून कंट्रोलर किल्ली निवडतो. नोंद भलत्याच खात्यावर असेल, तर सर्व्हरला ते तिकीट उलगडत नाही आणि त्यात फेरफार झाल्याचा अर्थ निघेल असा संदेश दफ्तरात उमटतो. तो वाचून घुसखोराच्या शोधास लागलेले सद्गृहस्थ मी पाहिले आहेत.

एका कचेरीत मुखपृष्ठ विनातक्रार उघडत असे, परंतु अहवालाच्या पानावर डेटाबेस सर्व्हर 'ॲनॉनिमस लॉगऑन' या निनावी इसमास प्रवेश नाकारीत असे. साहजिकच सर्वांचा रोख डेटाबेसवर होता. मी ब्राउझरने पाठवलेले हेडर प्रथम पाहिले: कर्बेरॉसच्या तिकिटाचा आरंभ बहुधा 'वाय-आय-आय' या अक्षरांनी होतो, येथे 'टी-एल-आर-एम' होते, म्हणजे जुन्या एनटीएलएम पद्धतीची खूण. 'सेटएसपीएन' आज्ञेला एक्सचा पर्याय जोडून नोंदी तपासल्या, तेव्हा सेवेचे नाव जुन्या आणि नव्या अशा दोन्ही सेवा-खात्यांवर दाखल असल्याचे उघड झाले. कोणाची किल्ली वापरावी हे ठरेना म्हणून कंट्रोलर तिकीट देत नव्हता, आणि ब्राउझर निमूटपणे एनटीएलएमकडे वळत होता. तेवढ्यावर मुखपृष्ठ निभावे. पण वापरणाऱ्याच्या वतीने पुढच्या सर्व्हरकडे जाण्याचा अधिकार त्या पद्धतीत वेब सर्व्हरला मिळत नाही. जुनी नोंद रद्द केली, साठलेली तिकिटे काढून टाकली, आणि अहवाल उघडला.

या माघारीच्या सोयीला सौजन्य म्हणण्याची रीत आहे. मला ती लबाडी वाटते, कारण तिच्यामुळे मूळ दोष दीर्घकाळ झाकला राहतो आणि अखेरीस भलत्याच दारी जाऊन फुटतो. म्हणून 'लॉगिन चालते' असे कोणी सांगितले, तर ते कोणत्या पद्धतीने चालते याची खातरजमा अवश्य करावी. २०२४ साली मायक्रोसॉफ्टने एनटीएलएमची गणना कालबाह्य घटकांत केली; हा निर्णय फारच उशिरा झाला.