गच्चीवरील नऊ मिनिटे

साहित्यशास्त्राच्या तासाला ‘प्रयोजन’ आणि ‘प्रेरणा’ यांतील भेद शिकवताना दरवर्षी एक ठरलेली अडचण येते. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त सांगितलेली सहा प्रयोजने विद्यार्थ्यांना पाठ असतात : कीर्ती, अर्थप्राप्ती, व्यवहारज्ञान, अशुभाचे निवारण, तत्काळ मिळणारा परम आनंद आणि प्रियेने करावा तसा उपदेश. उत्तरपत्रिकेत ती क्रमाने उतरतात. मात्र प्रेरणा म्हणजे काय, असे विचारले की वर्ग गप्प होतो आणि मागच्या बाकावरून कोणीतरी ‘मोटिव्हेशन, मॅडम’ असे पुटपुटते. उत्तर चुकीचे नाही. त्याने सांगून काहीच होत नाही, इतकेच. प्रयोजन समोर असते, बोट करून दाखवता येते. प्रेरणेचे तसे नाही. ती बहुधा पाठीमागून येते. हा भेद आम्हांला वर्गात जितका उमगला त्याहून अधिक गच्चीवर उमगला, आणि तो साहित्याच्या नव्हे तर व्यायामाच्या निमित्ताने, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम ‘आम्ही’चा खुलासा करावयास हवा. हे संपादकीय आम्ही नव्हे. आम्ही खरोखरच दोघी आहोत. एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि त्याआधी, म्हणजे १९९७ ते २००१ या काळात, एकाच खो-खो संघात खेळत होतो. हा लेखही दोघींनी मिळून लिहिला आहे. पुढे एका गुडघ्याची हकीकत येईल. तो कोणाचा हे आम्ही सांगणार नाही. ओळखणाऱ्यांनी ओळखावा.

खो-खो हा खेळ ज्यांनी फक्त शाळेच्या मैदानावर पाहिला आहे त्यांना तो पळापळीचा वाटतो. वास्तविक तो बसण्याचा खेळ आहे. पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ जणी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून उकिडव्या बसतात, नववी धावते. बसलेलीने खो मिळाल्याखेरीज उठावयाचे नाही. खो पाठीमागूनच द्यावयाचा, हाताचा स्पर्श करून आणि स्पष्ट आवाजात. उठलेलीने एकदा घेतलेली दिशा सोडावयाची नाही आणि मधली पाटी ओलांडावयाची नाही. नऊ मिनिटांच्या एका पाळीत ही उठबस किती वेळा होते याची मोजदाद आम्ही कधी केली नाही. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ती करून देत. आमच्या काळी मॅट नव्हती. सांगली, सातारा, सोलापूर, धाराशिव या पट्ट्यातील मैदानांची माती आम्हांला रंगावरून नव्हे तर कोपरांच्या खरचटण्यावरून ओळखता येई. सूर मारून पळणारीचा पाय गाठला की तोंडात माती जाणारच.

हे संपले ते दोन वेगळ्या तऱ्हांनी. एकीचा गुडघा २००१ च्या हिवाळ्यात एका आंतरविद्यापीठ सामन्यात खांबापाशी वळताना गेला. आवाज आला होता. तो आवाज दुसरीलाही ऐकू आला, ती चौथ्या चौकोनात बसली होती आणि खो नसल्यामुळे उठू शकली नाही. शस्त्रक्रिया झाली, चालणे सुरळीत झाले, खेळणे थांबले. दुसरीचे काहीच मोडले नाही. एम.ए. झाले, नेट झाले, नोकरी लागली, लग्न झाले, आणि एके दिवशी लक्षात आले की खेळण्याचे बूट कोणाला तरी देऊन टाकले आहेत. कोणती तऱ्हा अधिक वाईट यावर आमचे आजही एकमत नाही. गुडघ्याला निदान तारीख आहे.

त्यानंतरची वीस वर्षे थोडक्यात आटोपतो, कारण ती तशी थोडक्यातच गेली. उभे राहून शिकवणे, बसून उत्तरपत्रिका तपासणे, नॅकचे अहवाल. या काळात आम्हांला व्यायामाची प्रयोजने सांगणारे पुष्कळ भेटले. रक्तदाब, साखर, वजन, पुढे चाळिशीनंतर हाडांची झीज. डॉक्टर सांगत ते सारे खरे होते. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात, रजोनिवृत्तीच्या सुमारास स्त्रियांच्या हाडांची झीज वेगाने होते, आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण हवा, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. आम्ही फिरायला जाऊ लागलो. मनगटावरचे घड्याळ पावले मोजी. पंधरा दिवसांनी एकीला पाहुणे आले, दुसरीला पेपर तपासणी आली, आणि ते संपले. असे निदान सात-आठ वेळा झाले.

यात आळस होता असे आम्हांला वाटत नाही. कधीच न खेळलेल्या माणसाला फिरायला जाणे ही एक नवी गोष्ट असते. त्याला पहिल्या आठवड्यात बरे वाटते. खेळलेल्या माणसाचे शरीर मात्र चालता चालता विचारत राहते, की हे झाले, आता सुरू कधी करावयाचे? त्याला श्रम म्हणजे काय हे ठाऊक असते. जीव घशाशी येणे, पाय जड होणे, आणि तरीही खो आला म्हणून उठणे, ही त्याची श्रमाची व्याख्या असते. तिच्याखालचे काहीही त्याला व्यायाम वाटत नाही. आणि तिच्या जवळपासचे काही करावयास जावे तर विशीतील आपण समोर उभे राहतो, आणि त्या मुलीपुढे आपण अर्थातच हरतो. माजी खेळाडू सोफ्यावर बसलेला आढळतो तो पुष्कळदा या कात्रीमुळे.

२५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी सुरू झाली तेव्हा आमच्या घरांत चार किलोमीटरचे अंतर होते. ऑनलाइन तासांच्या निमित्ताने दोघींनाही दृक्‌श्राव्य फोनची सवय झाली होती. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी अभ्यासक्रमाच्या वाटणीवर बोलणे चालले असताना एकीने फोन भिंतीला टेकवला, उकिडवी बसली आणि म्हणाली, ‘अगं, बघ, अजून बसता येतं.’ दुसरीनेही बसून दाखवले. मग पहिली दहा वेळा उठली-बसली आणि फोनवरून ओरडली, ‘खो!’ दुसरी उठली.

त्या दिवशी आम्ही तीन मिनिटे टिकलो. नियम तिथल्या तिथे ठरला : एकीने दहा उठबशा काढून खो द्यावयाचा, तो येईपर्यंत दुसरीने उकिडवेच राहावयाचे, टेकावयाचे नाही. नेटवर्क मंद असले की खो हवेत लटकत राही आणि मांड्या थरथरू लागत. पण फोन ठेवून कोणी उठले नाही. वीस वर्षांत कोणत्याही प्रयोजनाने जे घडले नव्हते ते एका अक्षराने घडले. स्वतःचा खो स्वतःला देता येत नाही, हे नियमपुस्तकातील कलम आम्ही विसरलो होतो. मे अखेरपर्यंत आम्ही नऊ मिनिटांवर आलो. गुडघेवालीने आधी फिजिओथेरपिस्टला फोनवर विचारून घेतले. त्यांनी मांडीच्या पुढच्या व मागच्या स्नायूंसाठी वेगळे व्यायाम दिले, आणि खोल बसणे हळूहळू वाढवण्यास सांगितले. ते तिने निमूटपणे पाळले; खेळत असताना ती कोणाचे इतके ऐकत नसे.

हे खेळाच्या आठवणीवरच चालले असते तर कदाचित टाळेबंदीबरोबर संपलेही असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये आमच्यातील एकीच्या आई न्हाणीघरात घसरल्या. हाड मोडले नाही, डोक्याला लागले नाही. पण त्यांना जमिनीवरून उठता येईना. घरात कोणी नव्हते. लेक कॉलेजातून येईपर्यंत, म्हणजे दोन तासांहून अधिक काळ, त्या ओल्या फरशीवर बसून होत्या. जन्मभर ज्यांनी चुलीपुढे आणि पाट्या-वरवंट्यापुढे बसून कामे केली, त्या बाईंचे उठणे पंधरा वर्षांच्या ओट्याने आणि खुर्चीने कधी काढून नेले ते कोणाला कळलेच नव्हते. त्या नंतर वारंवार एकच सांगत, ‘दुखत काहीच नव्हतं गं, नुसतं उठता येत नव्हतं.’

पुढे आमच्या वाचनात आले की ब्राझीलमधील क्लाउदिओ जिल अराउजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ ते ८० या वयोगटातील २००२ व्यक्तींना, हात-गुडघ्याचा शक्य तितका कमी आधार घेऊन, जमिनीवर बसावयास आणि उठावयास सांगितले होते. दहापैकी गुण दिले आणि काही वर्षे त्यांचा मागोवा घेतला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात कमी गुणांच्या व्यक्तींमध्ये मृत्यूचे प्रमाण लक्षणीय रीत्या अधिक आढळले. उठता न येणे हेच मृत्यूचे कारण असते, असा त्याचा अर्थ नव्हे. आम्हांला मात्र त्या तक्त्याहून ती ओली फरशी अधिक दिसली. आईंची लेक त्या हिवाळ्यात एकदाही खो चुकली नाही.

२०२२ पासून आम्ही आठवड्यातून तीन पहाटे एकीच्या गच्चीवर भेटतो. खडूने आठ चौकोन आखले आहेत. गच्ची लहान असल्याने ते मैदानाच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर येतात. एक बसते, दुसरी फेरी मारून पाठीमागून तिच्या पाठीला हात लावते, खो म्हणते, आणि तिच्या जागी बसते. नऊ मिनिटे. मग पाच मिनिटे विश्रांती, मग पुन्हा नऊ. शेजारच्या इमारतीतील एक आजोबा पहिल्या महिन्यात घाबरून खाली विचारावयास आले होते. आता ते वेळ लावतात.

मधल्या दिवसांत ज्याचे त्याचे घरच्या घरी चालते : जोर, बैठका, नमस्कार. आमचा पेशाच असा की शब्द सुटत नाहीत. वर्गात आम्ही लेखकाच्या ‘वैचारिक बैठकी’वर बोलतो आणि सकाळी शंभर बैठका काढतो. ‘तालीम’ हा शब्द नाटकवाल्यांचा आणि पैलवानांचाही. मुळात अरबीत त्याचा अर्थ शिक्षण. ‘कसरत’ हाही तिकडचाच, आणि त्याच्या मुळाशी पुष्कळपणाची, वारंवारतेची कल्पना आहे. ‘मेहनत’ म्हणजे परीक्षा. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड मराठीत सिद्ध केले, व्यायामाला या भाषेत शब्द कमी पडत नाहीत. तरीही मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात घाम हा विषय फारसा येत नाही. हे सहज सुचले म्हणून लिहिले. अभ्यास मंडळापुढे मांडण्याचा विचार नाही.

नमस्कारांबाबत आमच्यात मतभेद आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार रुजवले आणि स्त्रियांनीही ते घालावेत असा आग्रह धरला. एकीच्या आजोळी ती परंपरा होती, त्यामुळे तिला रथसप्तमीला १०८ घातल्याखेरीज चैन पडत नाही. चाळीस-पंचेचाळीस मिनिटे लागतात. दुसरीचे म्हणणे असे की लयीत आले की नमस्कार सोपे होतात आणि सोपे झाले की तिचे मन गळते. तिने इंटरनेटवरून ‘बर्पी’ शोधून काढली. रॉयल बर्पी नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात शारीरिक क्षमता तपासण्यासाठी थोड्याच आवर्तनांची ही चाचणी बसवली. शेकड्यांनी ती काढण्याचे खूळ नंतरचे. तिने ‘ताबाता’ही आणले : वीस सेकंद जीव तोडून श्रम, दहा सेकंद थांबणे, अशी आठ आवर्तने, एकूण चार मिनिटे. जपानचे इझुमी ताबाता यांचे १९९६ मधील मूळ संशोधन जागेवरच्या सायकलीवर झाले होते. आम्ही ते उठबशांवर केले आणि लक्षात आले की हे ओळखीचे आहे. थोडे सेकंद झेप, थोडे सेकंद बसणे, पुन्हा झेप. डेक्कन जिमखान्यावर ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी खो-खोच्या नियमांना रूप दिले त्यांना स्नायूंचे रसायन ठाऊक नसेल. पाळी संपल्यावर खेळाडू कसा दिसतो हे त्यांना ठाऊक होते.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. १९ जानेवारीला भारताच्या स्त्री-संघाने नेपाळला ७८-४० असे हरवले. कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. आम्ही तो सामना दोघींच्या घरच्या मंडळींसह पाहिला. मॅटवरची ती गती आमच्या मातीतली नव्हे, आणि आम्हांला तिचा हेवा वाटला हे लपवण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात विषय निघाला आणि विद्यार्थ्यांना प्रथमच कळले की आपल्या दोन्ही मॅडम खेळत असत. एकीने विचारले, ‘मॅडम, मग सोडलं का?’ साहित्यशास्त्राचा तास होता. आम्ही मम्मटाकडे वळलो. त्या शनिवारी मात्र ती मुलगी गच्चीवर आली. पहिल्या नऊ मिनिटांत तिने आम्हांला सहज मागे टाकले, दुसऱ्या नऊत तिचा श्वास फुलला, तिसरी पाळी ती बसून होती आणि आम्ही दोघी खेळत होतो.

वहीत नोंदी आहेत. सध्या नऊ मिनिटांच्या पाळीत आमचे चौसष्ट खो होतात; डिसेंबरात सदुसष्ट झाले होते, पण त्या दिवशी आजोबांनी शिट्टी उशिरा वाजवली असा एकीचा दावा आहे. दुसरीला तो मान्य नाही. मंगळवारी आजोबांकडे दोन घड्याळे असतील.