डायनाचा उघडा हात

डायना गेली १९९७च्या ऑगस्टमध्ये, मी जन्मायच्या आधी. माझ्यापर्यंत पोचली ती रील्समधून: तो काळा ड्रेस, ताजमहालासमोर एकटीच बसलेली, चार्ल्स, कॅमिला. याचा मला खरं तर कंटाळा येतो.

थांबते ती एका फोटोपाशी. एप्रिल १९८७, लंडनचं मिडलसेक्स हॉस्पिटल. एड्सच्या नव्या वॉर्डाच्या उद्घाटनाला आलेली डायना हातमोजे न घालता एका रुग्णाचा हात हातात घेते. रुग्ण पाठमोरा; तोंड दाखवायची सोय नव्हती. शिवल्याने एड्स होत नाही हे डॉक्टर तेव्हाही सांगतच होते. ऐकतंय कोण! राजघराण्यातल्या बाईचा उघडा हात मात्र लोकांनी पाहिला.

आजोळी मामाचं ताट, वाटी, तांब्या वेगळा असायचा. मला वाटायचं, लाडका आहे म्हणून. एचआयव्हीचं कळलं तो गेल्यावर, तेही मावशीच्या तोंडून चुकून निघालं म्हणून. त्या फोटोला तेव्हा वीस वर्षं होऊन गेली होती, आणि आमच्या घरात सगळी शिकलेली माणसं. आजी तेवढी त्याचं जेवण झालं की त्याच ताटात स्वतःला वाढून घ्यायची.