पुढे सरकलं का?

माळा आवरताना आज ती एचडीएमआय केबल सापडली. उल्हासनगरातून घासाघीस करून आणलेली, एका टोकाला चिकटपट्टी.

2016 च्या सप्टेंबरात जिओचं फुकट नेट आलं आणि बदलापूरच्या आमच्या वन-बीएचकेत थिएटर अवतरलं. म्हणजे, मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून तो खिडकीत, पावडरच्या डब्यावर उभा करायचा. रेंज फक्त तिथंच. लॅपटॉप टीव्हीला जोडला की पडद्यावर चक्र गोल गोल फिरायला लागायचं. "तोवर कुकर लावते," म्हणून आई उठायची. तिसरी शिट्टी झाली तरी हिरो जिन्यावरच, एक पाय वरच्या पायरीवर. अंबरनाथची मावशी फोन करायची, "तुमच्याकडे पुढे सरकलं का गं?" तिच्याकडेही तोच जिना.

2018 च्या जुलैत मोठ्या हौसेनं 'सेक्रेड गेम्स' लावलं. पहिल्या दोन शिव्यांतच बाबांना भाजी आणायची आठवण झाली. रात्री साडेनऊला! आई मात्र ढिम्म. शेंगा सोलत अख्खा भाग बघितला आणि म्हणाली, "पुढचा लाव."

केबल परत माळ्यावर टाकली. त्या जिन्यावरच्या हिरोचा सिनेमा मात्र कुठला, तिघांनाही आठवेना.