दव उतरेपर्यंत

चंपाषष्ठीला खंडेरायाच्या यात्रेत बारागाडे ओढले गेले, घरोघरी वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी झाली, की ओझरमध्ये थंडी अधिकृतपणे सुरू होते. मग निफाड तालुक्याचं नाव पेपरच्या पहिल्या पानावर येऊ लागतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा एक आकडा सांगतो, ओझरच्या एचएएल विमान कारखान्यातला दुसरा, आणि चहाच्या टपरीवर प्रत्येक जण कमी आकडा आपल्याच गावाचा असल्याचं ठासून सांगतो. थंडीचाही अभिमान असतो माणसाला. पण आकडा तीन असो की सहा, सकाळचं बरंचसं काम अडून बसलेलं असतं. द्राक्षाच्या पानांवरून दव ठिबकत असतं, ओल्या पानावर औषध टिकत नाही, म्हणून फवारणीचा ट्रॅक्टर बांधावर उभा. मला या खोळंब्याबद्दलच बोलायचं आहे.

हिवाळा आणि सृजन म्हटलं की हल्ली डोळ्यांपुढे खिडकीबाहेरचा बर्फ, वाफाळता मग आणि कोरी वही येते. हे चित्र आपलं नव्हे. आपला हिवाळा माणसाला घरात कोंडत नाही; उन्हासाठी ओट्यावर, गच्चीवर, बांधावर काढतो. आणि वही कोरी ठेवून बसायची सवड इथे आहे कुणाला? इथे जे सुचतं ते हातात दुसरंच काम असताना सुचतं, नाहीतर दव उतरायची वाट बघताना.

संक्रांतीचा काटेरी हलवा घ्या. बाजारात तो रंगीत पुड्यांत मिळतो, त्यामुळे घरी करणाऱ्या थोड्याच उरल्या. आमच्या गल्लीत एक आजी अजून करतात. जिन्नस म्हणावेत तर तीळ किंवा खसखस आणि साखरेचा पाक, बस. पाकात थोडं दूध घालून मळी वर आणायची, ती काढून टाकायची. शेगडीत राखेखाली झाकलेले निखारे, वर परात, परातीत मूठभर तीळ. त्यावर चमचाभर पाक घालायचा आणि बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं. तो सुकला की पुन्हा चमचा. हे काही दिवस चालतं. हावरेपणानं पाक जास्त ओतला तर दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो; आच वाढली तर पांढरा दाणा पिवळा पडतो. आणि काटा फुटायला हवा गार, कोरडीच लागते. मध्येच ढगाळलं, की दाणा गुळगुळीत राहतो. हलव्याला कुणी वाहवा केली तर आजी म्हणतात, "मी काय केलं बाई, गारठ्यानं केलं." हा विनय आहे असं मला वाटत नाही. हे कामाचं नेमकं वर्णन आहे.

त्याच हलव्याचे मग दागिने होतात. जाड दोरा, पुठ्ठा, सोनेरी कागद. नव्या सुनेला काळ्या साडीवर बाजूबंद आणि हार, बोरन्हाणाच्या बाळाला मुकुट आणि बासरी. एक दुपार मिरवायचं, फोटो काढायचे, पुढचं मुंग्यांनी बघायचं. टिकवायचंच नसल्यामुळे करणाऱ्यांच्या डोक्यावर परंपरेचा धाकही नसतो. गेल्या काही वर्षांत मी हलव्याचं घड्याळ पाहिलंय आणि बाळासाठी हलव्याचा मोबाइलसुद्धा. नाक मुरडणारे मुरडोत, मला तो मुकुटाइतकाच आवडला.

बागेत वेगळीच कला चालते, काढून टाकण्याची. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बायका हातात छोट्या कातऱ्या घेऊन थिनिंगला उभ्या असतात. घडातले नको ते मणी काढायचे, म्हणजे उरलेले 18 मिलिमीटरपर्यंत फुगतील. कुठला ठेवायचा, कुठला काढायचा, याचा निकाल एका नजरेत. मी एकीला विचारलं, हे कळतं कसं? "ठेवायचाय त्याच्याकडंच बघायचं भाऊ. काढायचाय त्याच्याकडं बघितलं का हात थांबतो." लेखनाच्या कार्यशाळांना बसलोय मी, पण संपादनाबद्दल इतकं कामाचं वाक्य तिथे ऐकलं नव्हतं.

पुढे जानेवारीत या घडांना जुन्या वर्तमानपत्रांचे अंगरखे चढतात, मण्यावर गुलाबी छटा येऊ नये म्हणून. बागेत वाकून चाललं की दिवाळीची सोन्याची जाहिरात, निवडणुकीचा निकाल, राशिभविष्य असं सगळं डोक्यावर लोंबत असतं. माझ्या एखाद्या लेखाचं असं भाग्य उजळलेलं अजून पाहिलेलं नाही, पण आशा सोडलेली नाही.

1964 साली इथे मिग विमानांचा कारखाना आला आणि गावाच्या नावामागे 'मिग' कायमचं लागलं. मिगनंतर सुखोई आलं, आता तेजस. विमानांबरोबर देशभरची माणसं टाउनशिपमध्ये राहायला आली. म्हणून इथल्या संक्रांतीला तिळगुळाच्या वाट्यांची अदलाबदल होते. कानडी शेजारीण येळ्ळु-बेल्ला आणून देते: तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, डाळं, सगळं बारीक आणि एकसारखं कापलेलं, सोबत साच्यातून काढलेली साखरेची चित्रं. आमच्या आजींनी ते खोबऱ्याचे तुकडे तळहातावर घेऊन बराच वेळ निरखले आणि "हात चांगला आहे तिचा" म्हणाल्या. त्यांच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणाला मिळालेलं नाही.

पारा फारच घसरला तर मणी तडकतात. मग पहाटेच बागेत जावं लागतं. विहिरीचं पाणी त्या वेळी कोमट असतं, ते ठिबकनं सोडायचं. ओळींच्या कडेला पालापाचोळ्याच्या शेकोट्या पेटवून धूर करायचा. एवढं झालं की हातात करण्यासारखं काहीच उरत नाही. शेकोटी द्राक्षांसाठी, पण तिच्याभोवती माणसंच गोळा होतात. मफलरीतून आवाज निघतात. मका भाजला जातो, कुणाची तरी नक्कल होते, गावातली निम्मी टोपणनावं इथेच ठरलेली आहेत. बिबट्याची गोष्ट तर रोज असते. काल तो उसाच्या कडेला बसला होता, आज पाण्याच्या टाकीवर चढलेला असतो. ती ऐन रंगात आली की ऊन पानांवर येतं, दव उतरतं, कुणीतरी ट्रॅक्टर चालू करतो आणि गोष्ट अर्धीच राहते. दुसऱ्या दिवशी ती दुसराच कुणीतरी पुरी करतो, तेही आदल्या दिवशी आपण तिथे नव्हतो याचा जराही संकोच न बाळगता.