शरणपूरचे विद्यार्थी

तीन वर्षांपूर्वीच्या नाताळात माझी बहीण आणि भाचा सटाण्याला आमच्याकडे आले. करंज्यांचा डबा बायकोच्या हाती देऊन भाचा मला नमस्कार करीत म्हणाला, "मामा, माझं केनियाला जायचं नक्की झालं!"

धर्मशिक्षणाची पदवी घेतलेला हा मुलगा. मोंबासाच्या आसपासच्या खेड्यांत जे स्थानिक लोक उपदेशाचे काम करतात, त्यांना शिकवायला तो दोन वर्षांसाठी जाणार होता. उपदेश कसा करावा, नवी मंडळी कशी उभारावी, तिचा जमाखर्च कसा ठेवावा, सारे त्याच्या वहीत मुद्देसूद लिहिलेले होते.

बहिणीने डोळ्यांना पदर लावला. "त्या लोकांचं याच्यावाचून अडलंय थोडंच!"

बोलणे मायेपोटीचे, पण नकळत तिने नेमक्या जागी बोट ठेवले होते. मी भाच्याला म्हणालो, "उद्या आपण नाशिकला जाऊ. निघण्यापूर्वी तू शरणपूर पाहायला हवंस."

"शरणपूर रोड? मामा, तो मी शंभरदा पाहिलाय."

"रस्ता पाहिलास रे. गाव नाही पाहिलंस."

एस. टी.त खिडकीची जागा मिळाली आणि मी त्याला शरणपूरची गोष्ट सांगू लागलो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीच्या प्राइस साहेबांनी नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. त्या काळी अरबी समुद्रात गुलामांनी भरलेली गलबते इंग्रजी आरमार पकडत असे. सोडवलेली आफ्रिकन मुले मुंबईला उतरवली जात, आणि त्यांपैकी कित्येक शरणपूरला येत. आईबाप हरवलेली, गावाचे नावही धड न आठवणारी ही पोरे गोदावरीकाठी अक्षरे गिरवू लागली, सुतारकी-लोहारकी शिकू लागली.

आणि पुढे ही मुले आफ्रिकेत परतली. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर 1864 च्या सुमारास मोंबासाजवळच्या रबई गावी गेले. 1866 मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन शेवटच्या प्रवासाला निघाला, तेव्हा त्याने नाशिकच्या शाळेतले नऊ तरुण बरोबर घेतले. 1872 मध्ये त्याच्या मदतीला पाठवलेल्या तुकडीतही नाशिकची मुले होती. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याचे हृदय तिथेच एका झाडाखाली पुरले गेले. त्या वेळी प्रार्थना वाचली ती जेकबने, आणि झाडाच्या खोडावर नाव कोरले तेही त्यानेच. मग सोबत्यांनी मिळून तो देह हजार मैलांहून अधिक चालत समुद्रकाठी आणला. 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत आपल्या नाशिकचा हा विद्यार्थी होता.

भाचा गप्प झाला होता. चांदवडचे डोंगर मागे पडले तरी त्याने खिडकीबाहेर पाहिले नाही.

"पुढे ऐक," मी म्हणालो. "पुढच्याच वर्षी मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाऊन वसलं. तिथे शरणपूरहून पुष्कळ मंडळी गेली. लोक त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. रबईची मंडळी उभी केली ती त्यांनी. पण 1864 ला गेलेल्या जोन्स आणि सेमलरना दीक्षा कधी मिळाली, ठाऊक आहे? 1885 ला. एकवीस वर्षं त्यांनी काम केलं, आणि साहेब मात्र त्यांना अजून शिकवतच होते! त्याच जोन्सनी रबईत पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला. मालकांना पैसे मोजून 1 जानेवारी 1889 ला त्यांतल्या सुमारे 1,400 जणांची कायमची सुटका करावी लागली. जोन्सना मंडळी चालवायला येत नव्हती, असं कोण म्हणेल?"

हे सांगताना माझा आवाज थोडा चढला असावा. कारण मला माझे बाबा आठवत होते. तेही उपदेशक. बागलाणातल्या खेड्यांतून सायकलवर हिंडण्यात त्यांचा जन्म गेला. एका पावसाळ्यात प्रार्थनेच्या खोलीचे छप्पर गळू लागले. लोकांनी पै-पैसा करून वर्गणी जमवली. पण वरून मंजुरीचे पत्र येईपर्यंत दसरा उजाडला. बाबा कोणाला एका शब्दाने बोलले नाहीत. गळतीखाली ठेवलेली बादली मात्र त्यांनी पुढे कित्येक वर्षे जपून ठेवली. ती का, हे मला फार उशिरा कळले.

शरणपूरला आम्ही चर्चच्या आवारात थोडा वेळ बसलो. रस्त्यावरून रिक्षा, स्कूटर भरधाव चालल्या होत्या. भाच्याने वही काढली आणि पहिल्या पानावर काहीतरी लिहिले. मी विचारले नाही.

तो गेला. पत्रे येत गेली. फ्रीअरटाऊनची जुनी घंटा अजून आहे आणि त्या जागेला घंटेवरूनच केंगेलेनी म्हणतात, असे एकात होते. दुसऱ्यात होते, "मी शिकवायला उभा राहिलो, तर माझ्या वर्गातल्या एका म्हाताऱ्या उपदेशकाने मलाच शिकवलं. पहिल्याच महिन्यात हिशेबाची वही त्यांच्या हाती दिली. चुका झाल्या. त्यांच्या त्यांनीच दुरुस्त केल्या."

आणि दीड वर्षाने फोन आला. "मामा, इथे आता माझं काम उरलं नाही. परत येऊ का?"

बहिणीला आनंद झाला तो मुलगा लवकर येणार म्हणून. माझा आनंद निराळा होता.

परवा आरम नदीकडून परतताना आम्ही दोघे देवमामलेदारांच्या मंदिरावरून आलो. दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी उघडणाऱ्या या मामलेदाराला सटाण्याने देवपण दिले. मी म्हटले, "बघ, खजिना राखणारे मामलेदार पुष्कळ होऊन गेले. त्यांची नावंसुद्धा कोणाला आठवत नाहीत."

भाचा हसला. घरी आल्यावर त्याने ती जुनी वही मला दाखवली. पहिल्या पानावर एवढेच होते: "आजोबांची बादली विसरायची नाही."