आभार गुरुवारी, खरेदी शुक्रवारी

थँक्सगिव्हिंग म्हटलं की आपल्याला आठवते ती अमेरिका. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, टर्की, आणि दुसऱ्या दिवशी दुकानांत उडालेली झुंबड. पण शेजारच्या कॅनडातही थँक्सगिव्हिंग असतं बरं का! तेही चांगले सहा-एक आठवडे आधी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी (१९५७ पासून हा वार पक्का झाला). उत्तरेला थंडी लवकर, सुगी लवकर, मग आभारही लवकर. साधा हिशोब.

गंमत अशी की सण एकच, पण कॅनडात त्याला खरेदीची बाधा झाली नाही. कॅनेडियन माणसं जास्त साधी वगैरे असं काही नाही हो, कारण आहे कॅलेंडरमध्ये. सोमवारची सुट्टी संपली की मंगळवारी सगळे कामावर. ख्रिसमस अडीच महिने लांब, मध्ये हॅलोविन. आत्तापासून भेटवस्तू कोण घेणार? त्यांचा पारंपरिक मोठा सेल २६ डिसेंबरचा, बॉक्सिंग डेचा.

अमेरिकेत गुरुवारची सुट्टी, म्हणजे शुक्रवारही बऱ्याच जणांना मोकळा. आणि ख्रिसमस महिन्यावर! दुकानदारांना याची किंमत फार पूर्वी कळली होती. १९३९ मध्ये नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ३० तारखेला येत होता. खरेदीचे दिवस कमी पडतील म्हणून व्यापाऱ्यांनी गळ घातली, आणि रूझवेल्टनी सण एक आठवडा अलीकडे ओढला. झालं! जवळपास निम्म्या राज्यांनी ऐकलं, बाकीच्यांनी जुनाच गुरुवार धरला. टेक्सासने तर दोन्ही दिवस पाळले. लोकांनी नाव ठेवलं 'फ्रँक्सगिव्हिंग'. टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनमध्ये बदल केला की हे असं होतं :) शेवटी १९४१ मध्ये कायद्याने चौथा गुरुवार ठरला.

पुढे २००७ मध्ये कॅनेडियन डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीला आला आणि लोक गाड्या काढून सीमेपलीकडे खरेदीला निघाले. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून कॅनडातल्या दुकानांनीही हळूहळू ब्लॅक फ्रायडे सुरू केला. तिथे तो साधा कामाचा शुक्रवार! म्हणजे अमेरिकेचा गुरुवार सीमेवरच थांबला, शुक्रवार तेवढा पलीकडे गेला.

आता तुम्ही म्हणाल, स्वस्त मिळतंय तर बिघडलं कुठे? आपली देशी मंडळी लॅपटॉपसाठी पहाटे तीनला कुडकुडत उभी राहतात, त्यात काही पाप नाही. पण शटर आतून उघडणारा माणूस केव्हा जेवला, हा प्रश्न उरतोच. २०१० नंतर मोठी दुकानं गुरुवारी संध्याकाळीच उघडायला लागली, म्हणजे कॅशियरच्या घरचं जेवण अर्धवट. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात मात्र जुन्या कायद्यामुळे मोठी दुकानं त्या दिवशी बंदच राहिली. २०२० मध्ये महासाथीमुळे वॉलमार्ट, टार्गेट गुरुवारी बंद होते, आणि टार्गेटने २०२१ मध्ये जाहीर केलं की यापुढे कायमच बंद.

म्हणजे बघा, कॅशियरला घरचं जेवण मिळालं ते कुठे कॅलेंडरमुळे, कुठे कायद्यामुळे, कुठे साथीमुळे. गिऱ्हाइकाने 'आज नको, उद्या येतो' म्हटलं म्हणून क्वचितच.

आपल्याकडेही लक्ष्मीपूजनाच्या रात्री ऑर्डर केलेली वस्तू घेऊन कोणीतरी जिने चढत असतोच. 'उद्या चालेल' म्हणायला आपल्याला कायदा लागू नये, एवढंच.