पत्ते पडल्याचा आवाज

आमच्या घरात पत्त्यांचा कॅट नव्हता. सुट्टीत मामाकडे सगळी भावंडं झब्बू खेळायला बसली की आई दारातून एकदा बघायची आणि मी उठायचे. घरातला शेवटचा कॅट तिने चुलीत घातला होता. त्या वर्षीचं उसाचं बिल पप्पांनी तीन पत्तीत घालवलं होतं, मागोमाग तिच्या पाटल्याही गेल्या होत्या. मी तेव्हा सात वर्षांची. त्यानंतर पप्पांनी पत्त्याला हात लावला नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण गावात पहिला भागच सांगतात.

पुढे पुण्यात, हॉस्टेलच्या कॉटवर, रात्री दीड वाजता मोबाईलवर मला कुणाचे तरी हात दिसले. चेहरा नाही, फक्त हात. कॅट पाच तुकड्यांत फुटला, तुकडे एकमेकांना वळसे घालून परत एक झाले. याला सिबिल कट म्हणतात. क्रिस केनर या अमेरिकन जादूगाराने तो शोधला. १९९२ च्या त्याच्या पुस्तकात तो आहे. पुढे डॅन आणि डेव्ह बक या जुळ्या भावांनी असले कट इतके वाढवले की त्यांचा वेगळाच पंथ झाला : कार्डिस्ट्री. यात जादू नाही, तुमचा पत्ता कुणी ओळखत नाही. कुणी जिंकत नाही, हरत नाही. पत्ते आहेत आणि डाव नाही. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला ते सांगत नाही.

सिबिल मला आजही येत नाही. सगळे सुरू करतात तिथूनच मी सुरू केलं, चार्लियर कटपासून. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये वावरलेल्या एका गूढ म्हाताऱ्या जादूगाराचं हे नाव. एका हाताने कॅट कापायचा, बस्स. बोटांच्या टोकांवर कॅट धरायचा : एका लांब कडेला अंगठा, समोरच्या कडेला मधली दोन बोटं, करंगळी खालच्या टोकाला, पत्ते घसरू नयेत म्हणून. अंगठा किंचित सैल केला की खालचा अर्धा कॅट तळहातात पडतो. मग तर्जनी खालून वाकवून तो अर्धा भाग अंगठ्याकडे उभा ढकलायचा. तो वरच्या भागाच्या कडेपलीकडे गेला की वरचा भाग खाली येतो, खालचा त्याच्यावर मिटतो. वाचायला लागतो त्याच्या दहाव्या हिश्श्यात होतं. म्हणजे, ज्यांना येतं त्यांचं.

माझं बोट मध्येच अडकायचं आणि बावन्न पत्ते मांडीवर. माझा हात लहान. मग कळलं की पोकरचे पत्ते ब्रिजच्या पत्त्यांपेक्षा साधारण सहा मिलीमीटर रुंद असतात, आणि मी हौसेने नेमके तेच, बायसिकलचे, मागवले होते. पण त्यांच्या पृष्ठभागावर बारीक खळगे असतात, त्यांत हवा राहते, पत्ते एकमेकांवरून तुपासारखे सरकतात. कोपऱ्यावरच्या दुकानातले गुळगुळीत पत्ते घामाने चिकटतात. आधी अर्ध्या कॅटवर शिकले. आणि पलंगावर बसून, हा तर सगळ्यांचाच सल्ला. पत्ते गादीवर पडले की वाकावं लागत नाही. मला त्याचा दुसरा फायदा होता, आवाज होत नाही. हॉस्टेलवर कुणाला काही पडलेलं नव्हतं, तरी मी गोधडी अंथरूनच बसायचे.

तिसऱ्या आठवड्यात जमलं. लगेच परत केलं, तर नाही जमलं.

दिवाळीला घरी कॅट न्यायचा नाही असं ठरवलं होतं. नेला. पाडव्याच्या दुपारी आई स्वयंपाकघरात होती, मी माजघरात भिंतीकडे तोंड करून बसले होते. गोधडी नव्हती. कॅट सुटला आणि शहाबादी फरशीवर फर्रकन पसरला.

पप्पा दारात उभे होते. किती वेळ, माहीत नाही. काही न बोलता खाली बसले आणि पत्ते गोळा करू लागले. मी थांबवायला हवं होतं. त्यांनी चारी कडा ठोकून कॅट सरळ केला, मग अर्धा-अर्धा केला, आणि अंगठ्यांनी एकदाच पिसला. इतका स्वच्छ आवाज मी एकाही व्हिडिओत ऐकला नव्हता. त्यांची बोटं जाड झालीत, शेतकामाने नखं फुटलीत, पण त्यांना बघावंसुद्धा लागलं नाही.

आत झारा थांबला.

पप्पांनी कॅट माझ्या मांडीवर ठेवला, चटका बसल्यासारखा, आणि ते गोठ्याकडे निघून गेले. आई आली तेव्हा तिच्या हाताला बेसन होतं.

"कुणी पिसले?"

"मी."

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मला तसं पिसता येत नाही. तो आवाज घरात कुणाचा, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

"पिसून दाखव."

"पिसणं नाही गं, हे वेगळं आहे," म्हणाले आणि चार्लियर कट केला. हात थरथरत होता. खालचा भाग अडला, पण मिटला.

"मग? पुढं काय?"

"पुढं काही नाही. एवढंच."

"पैसे?"

"नाही."

"कोण समोर बसतं?"

"कुणी नाही."

तिने दाराकडे, गोठ्याच्या बाजूला एकदा बघितलं. मग पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर फरशीवर बसली.

"परत कर बघू."